साहेब लिफ्टमध्ये, भांडार जाग्यावर

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा अर्धीच वाकले, उरलेला नमस्कार मनाने.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला, की तोच काकांना कंटाळून गेला?

इकडे तुझ्या भाचीने पराक्रम केला आहे, म्हणून हे पत्र. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते हे तुला ठाऊक आहेच. कुठली लिफ्ट बिघडणार हे आधीच सांगणारं यंत्र (म्हणजे प्रोग्रॅम, त्याला स्क्रू नसतात) आमच्याकडे आहे. दार किती वेळा अडखळलं, मोटर किती तापली, ही त्याला लागणारी माहिती एका जागी ताजी ठेवणारं भांडार, म्हणजे फीचर स्टोअर, उभारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते चालतं कंटेनरमध्ये, आणि कंटेनर नांदतात पुष्कळ कॉम्प्युटरच्या जथ्यात, त्याला क्लस्टर म्हणतात. एक कंटेनर मेला की क्लस्टर लगेच दुसरा उभा करतो. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता! पण नवा येणारा कोरी पाटी घेऊन यायचा, मागचं काहीएक आठवेना. माहितीसाठी वेगळी, कायमची डिस्क जोडलेलीच नव्हती. (कोणी? मीच.) साहेबांना दाखवताना नेमका तो मेला, आणि यंत्राने शहरातल्या झाडून सगळ्या लिफ्ट ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. साहेब म्हणाले, "एवढं तर मीही सांगतो."

मग मी इरेला पेटले. डिस्क जोडली, माहिती पुन्हा भरली आणि स्वतःच्या हाताने एकेक कंटेनर मारून पाहिला. नवे आले ते सगळं तोंडपाठ घेऊन! आणि पहिलाच इशारा आला तो आमच्याच इमारतीच्या लिफ्टचा. "आपली लिफ्ट? शक्यच नाही," म्हणत साहेब पाहुण्या ग्राहकबाईंना घेऊन आत शिरले. मी जिन्याने. ते दोघं दोन मजल्यांच्या मध्ये अडकले ना! मेकॅनिक येईपर्यंत मी दाराबाहेरून धीर देत होते. (चेहरा गंभीर ठेवणं, आत्या, क्लस्टरपेक्षा अवघड.) बाहेर येताच बाईंनी विचारलं, "हे आधी कळलं होतं कोणाला?" साहेबांनी घाम पुसत माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी आपल्या सगळ्या इमारती आमच्याकडे सोपवल्या.

तुझी, सध्या जमिनीपासून चार बोटं वर चालणारी,
भाची

ता. क. खरं काम राहिलंच. बाबांना जरा समजाव. पेपरातून डोकं वर न काढता, स्टोअर आणि कंटेनर एवढंच ऐकून ते सगळ्यांना सांगत सुटलेत, मुलीने डब्यांचं दुकान काढलंय!

ता. क. दुसरा: नको समजावूस. आत्ताच शेजारच्या काकू डबे बघायला आल्या होत्या. बाबा मान ताठ करून म्हणाले, "तिचा डबा फुटला तरी आतलं सांडत नाही." म्हणजे मी सांगत होते तेव्हा ते पेपर वाचत नव्हते तर!