पोरं गिळणारा देव

अप्पा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

मंगळवार पेठेतलं आपलं शिलाईचं दुकान. मी सतरा वर्षांची. तुम्ही तापानं पडलेले, म्हणून एका बाईंचा लग्नासाठीचा ब्लाऊज मीच बेतला, कापला, शिवला. त्या न्यायला आल्या आणि तुमच्यादेखत म्हणाल्या, "पोरीचा हात तुमच्यापरास साफ हाय की वो!" तुम्ही हसलात. त्या पायरी उतरल्या आणि तुम्ही माझ्या हातातली कात्री काढून घेतलीत. "उद्यापासनं तुरपाई आन् काजं-बटनं. कापडाला कात्री लावायची न्हाई." का, ते कधी सांगितलं नाहीत. लग्न होईपर्यंत पाच वर्षं मी तुम्ही कापलेल्या कापडाला बटणं लावत बसले. आणि पेठेत तुमचं नाव काय, तर देवमाणूस! कुणाच्याही मयताला पहिला खांदा तुमचा. मला मात्र तुमचा भयंकर राग यायचा, अजून येतो.

तुमच्या माघारी मी राजारामपुरीत माझं दुकान टाकलं. लेक माझ्याच हाताखाली शिकली. गेल्या महिन्यात काम करता करता ती मोबाईलवर वाचलेली ग्रीकांची गोष्ट सांगत होती. क्रोनस नावाचा त्यांचा एक देव. बापाला विळ्यानं कापून गादीवर बसला. तुझंच पोर तुला खाली ओढील, असं भाकीत झालं, म्हणून जन्मलेलं एकेक पोर गिळत सुटला. रोमन लोकांनी त्यालाच लॅटिनमध्ये सॅटर्नस म्हटलं, पेरणीचा देव केलं, वर त्याच्या नावानं सणही सुरू केला. लेक हसून म्हणाली, "बघ की आई, गाव बदललं, नाव बदललं, की पोरं खाल्लेली कुणाला आठवत न्हाईत." मला हसू आलं नाही. मला तुम्ही दिसलात.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "मावशी, लेकीनं कापलेलाच द्या हां. तुमचा काखंत ओढतोय." खोटं नव्हतं, माझी नजर आता कमी झाली आहे. मी हसले. बाई गेल्यावर लेकीला म्हटलं, "थोडे दिवस तू तुरपाईच बघ." तिनं विचारलं, "आई, माझं काय चुकलं व्हय?" मी "न्हाई" म्हटलं. मला माझ्या तोंडून तुम्ही ऐकू येत होता, अप्पा, आणि तरी मी शब्द मागे घेतला नाही.

परवा ती गडहिंग्लजला गेली, माझ्या बहिणीकडे राहून स्वतःचं मशीन टाकायला. एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "थांब म्हणालीस तर उतरते की." मी भाकरीची पिशवी आत दिली आणि पोचल्यावर फोन करायला सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? शेजारणींना सांगते आहे, लेक गेल्यापासून घर खायला उठतं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? बस हलली तेव्हा मला हायसं वाटलं.