बाराही महिने तेवढंच

१२ सप्टेंबर

ठरलं म्हणजे ठरलं! यंदाचा हिवाळा त्या एका खोलीत काढायचा नाही.

सात वर्षं तेच चाललंय. थंडी पडली की हीटर लावायचा तो फक्त बाबांच्या खोलीतला – म्हणजे सासऱ्यांच्या – आणि आम्ही तिघांनी तिथे जाऊन कोंबून घ्यायचं. लेक कॉटच्या कडेला गणितं सोडवणार, स्वारी फोनवर जगाशी बोलणार, मी शिलाई मशीन दारात लावून बसणार, आणि बाबा मध्ये बसून प्रत्येकाला काही ना काही विचारत राहणार. तरीही जानेवारीचं बिल आलं की नवरा घर डोक्यावर घेतोच! यंदा लेकीची शाळेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा. तिला तिची खोली हवी – उबदार, दार लावलेली. मिळणार!

आज मी ज्यांची शिलाई करते त्या दुकानातल्या, कापड बेतणाऱ्या कटरबाईंनी सांगितलं, वर्षभराचं बिल बारा सारख्या हप्त्यांत भरायची सोय आहे. उन्हाळ्यात वापरापेक्षा जास्त भरायचं, हिवाळ्यात कमी. इतकं साधं! आणि हे मला सात वर्षांत कुणी सांगू नये?

१५ सप्टेंबर

स्वारी म्हणते, "म्हणजे उन्हाळ्यात फुकटचे पैसे भरायचे?" कपाळावर हात मारून घेतला.

१९ सप्टेंबर

वीज कंपनीचं ऑफिस. खिडकी नंबर चार. मागच्या बारा महिन्यांचा वापर दाखवा म्हणे. माझ्याकडे बिलं अकरा – मार्चचं सापडेना. "जुन्या मीटरचं आमच्याकडे दिसत नाही, मॅडम. पुढच्या वर्षी या." अंगाचा तिळपापड झाला. मीटर तुमचा, बदललात तुम्ही, आणि पुरावा मी आणायचा!

२० सप्टेंबर

बाबा! आमचे बाबा!!

चौतीस वर्षं लोकांचे मीटर वाचले त्यांनी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सवय सुटत नाही. दर एक तारखेला स्टुलावर चढून आपलाच मीटर वाचतात आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडा लिहून ठेवतात. आम्ही हसायचो. आज मी कागदांचे ढीग उपसत होते, तर म्हणाले, "सूनबाई, जरा कपाट उघड." मार्च तिथे! एप्रिलही तिथे!

फोटो काढून घेतला. आता बघतेच त्या खिडकीवाल्याला.

२२ सप्टेंबर

फोटो चालत नाही म्हणे. "मूळ कागद आणा." कागद नाहीये हो, दार आहे! "मग दार आणा," म्हणाला आणि हसला.

२३ सप्टेंबर

नेलं दार!

सकाळी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, चादरीत गुंडाळलं, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाबा इस्त्रीचा कोट घालून. बसवाल्याने दोनच तिकिटं फाडली, मी दाराचं तिसरंही घेतलं – उगाच कटकट नको. खिडकी चारवर दार उभं केलं तेव्हा खिडकीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मागची रांग टाळ्या पिटत होती. गोंगाट ऐकून आतून मोठ्या साहेबीणबाई आल्या. दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा सात काढायची तऱ्हा तर आमच्या सरांची!" बाबांच्या हाताखाली शिकलेल्या निघाल्या! बाबा ताठ. "माझा आकडा कधी चुकला नाही."

अर्ज दहा मिनिटांत मंजूर. ऑक्टोबरपासून बाराही महिने तेवढंच बिल. येताना दार अजिबात जड लागलं नाही.

२८ नोव्हेंबर

थंडी पडली. चारही हीटर चालू! लेक तिच्या खोलीत, दार बंद. स्वारी आमच्या खोलीत, दार बंद. मी हॉलमध्ये, मशीनला ऐसपैस जागा. राणीसारखी बसले.

१४ डिसेंबर

जेवणानंतर बाबा हॉलमध्ये दोन चकरा मारून गेले. "काय शिवतेस?" विचारलं. मशीनच्या आवाजात नीट बोलता आलं नाही. घर कसं शांत आहे! लेकीला सराव परीक्षेत गणितात ब्याण्णव!

१० जानेवारी

बिल आलं – तेवढंच! स्वारीने उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं. भांडायला जागाच नाही! शेवटी म्हणाला, "कल्पना कुणाची पण?" जा, आता श्रेय घे तू!

१९ जानेवारी

हीटर बंद पडले. तीन एकदम! फक्त बाबांचा चालू आहे. इलेक्ट्रिशियन सोमवारी येणार. पुन्हा सगळे त्या खोलीत. मी जाम वैतागले. बाबा मात्र खुशीत – लेकीला भूमितीचं विचारतायत, स्वारीला ऑफिसचं, मला बाह्यांचं माप.

२२ जानेवारी

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बिघाड काही नाही, ताई. कुणीतरी हीटरचे तीन फ्यूज काढून मीटरच्या वर नीट कागदात गुंडाळून ठेवलेत. जाणकाराचं काम आहे."

स्टूल मीटरखालीच होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दारं लावता गं तुम्ही सगळे," एवढंच म्हणाले. मला रडूच आलं.

लेकीच्या खोलीचा फ्यूज बसवून घेतला. बाकीचे दोन माझ्या बटणांच्या डब्यात टाकले. स्वारीला सांगितलं, सुटा भाग मार्चपर्यंत मिळत नाही म्हणे. मशीन पुन्हा बाबांच्या दारात लावलंय.