अण्णा, उद्घाटन गुरुवारी आहे

प्रिय अण्णा,

आज तुमची एक इच्छा मी माझ्या हातानं बाजूला ठेवली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून हे पत्र.

मोशीतली आपल्या कामगार संग्रहालयाची नवी इमारत पुरी झाली. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून तुम्ही गोळा केलेली मशिनं पत्र्याच्या शेडमधून तिथे गेली. भिंतींना अजून रंगाचा वास येतो. तुम्ही असतात तर आधी भिंतीवर थाप मारून पाहिली असतीत, हो ना?

आज विश्वस्त मंडळाची बैठक होती. विषय एकच, उद्घाटनाचा दिवस. दवाखान्यात माझा हात धरून तुम्ही म्हणाला होतात, "पोरी, खंडेनवमीलाच उघडायचं. दुसऱ्या कुठल्या दिवशी न्हाई." मंडळात तुमच्या जागी मी बसते ती तेवढ्यासाठीच, असं मला वाटायचं.

तुमचं ते वेड मला कळतं. वर्षातून त्या एकाच दिवशी आई आणि मी कंपनीच्या गेटातून आत यायचो. धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनांमध्ये तुम्ही नवा शर्ट घालून उभे असायचात. एरवी दमून घरी येणारा माणूस तिथे केवढा उंच दिसायचा! उरलेलं वर्षभर तुमच्या कामाबद्दल आम्हाला काहीच का सांगितलं नाहीत, अण्णा? शिफ्ट, जेवण, झोप. तेवढेच तुम्ही आमच्या वाट्याला आलात.

अध्यक्षांना रविवार हवा होता, पाहुण्यांच्या सोयीचा. मी अडून बसले. "खंडेनवमीच. अण्णांची शेवटची इच्छा आहे."

तुमचे शिफ्टमधले जोडीदार सावंतकाका, तेही आता विश्वस्त आहेत, हसायला लागले. "अगं बाई, त्या दिवशी जो तो आपापल्या कंपनीत पूजेला. भोसरीपासून चाकणपर्यंत एक माणूस मोकळा नसतो. तुझ्या उद्घाटनाला काय नुसत्या मशिनी येणार व्हय?"

सगळे हसले. मला कसं सुचलं नाही? आणि तुम्हाला? तुम्ही तर जन्मभर त्या दिवशी कंपनीतच होतात!

"मग रविवार," अध्यक्ष म्हणाले.

"रविवारी ड्युटी असते, साहेब. इकडच्या सगळ्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी."

"गुरुवारी मंत्रिसाहेबांना जमणार नाही, सावंत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुवार म्हणायचं, तर तुमचा शब्द माझ्याच तोंडून मोडणार होता. तुम्हाला तो दिवस हवा होता, अण्णा, की ती माणसं?

"गुरुवार," मी म्हटलं. "मंत्री नसले तरी चालेल."

काकांचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग एकेक करत बाकीचे. अध्यक्ष रुसलेत. तुम्हीही रागावला असाल, तर रागवा. मी ऐकून घेईन.

उठता उठता कुणीतरी म्हणालं, इथल्या सगळ्यांसारखी संग्रहालयाची सुट्टीही गुरुवारीच ठेवू. मी पुन्हा खाली बसले.

तुम्हाला वचन देते. मी मंडळात असेपर्यंत गुरुवारी त्या दाराला कुलूप लागणार नाही. बाप घरी असेल त्या दिवशी पोरांनी त्याला तिथे ओढून आणावं आणि विचारावं, "बाबा, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?"

तुमची लेक,
वैशू