मोतीपीडितांचा अध्यक्ष

२ जून
'मोतीगंगा' कंपनीच्या नळदुर्गच्या ऑफिसला कुलूप. स्वतः हलवून पाहिलं. घरच्या टाकीत शिंपले पाळा, वर्षानं मोती आम्हीच विकत घेऊ, अशी स्कीम. यात गडबड आहे हे मी लगेच ओळखलं होतं, फक्त पैसे भरल्यावर ओळखलं. दुकानाच्या दिवाळीच्या मालाचे पैसे त्यात आहेत. बायकोनं, श्रीदेवीनं, शिवणकामाचे भरले. माझ्याच सल्ल्यानं.
ती म्हणाली, आता? मी म्हणालो, शासन.

३ जून
आमच्या मुरुम गावच्या सगळ्या मोतीपीडितांची बैठक, माझ्या भांड्याच्या दुकानात. अध्यक्षपदी मी, बिनविरोध. गिरणीवाला गुंडाप्पा म्हणाला, माणिकप्पा, तुमीच व्हा, आमाला वेळ न्हाय. एवढा विश्वास. डोळे भरून आले.
संकल्प: दुप्पट भरपाई, तीही मंत्र्यांच्या हस्ते. त्याच्या खाली काही घेणार नाही.

७ जून
बॅनर आला. फोटो लई झकास. मागणी लिहायला जागा उरली नाही, पण ती चेहऱ्यावर दिसते.

१० जून, सकाळी
उमरग्याला कचेरीसमोर आमरण उपोषण सुरू. श्रीदेवीसकट सगळे हजर, पावत्या-कागदं पिशवीत घेऊन. अकरा वाजता साबुदाणा. तो उपासाला चालतो. नंतर शेंगदाण्याचा लाडू. तोही चालतो.

दुपारी
प्रांतसाहेब स्वतः मंडपात. सरकार हललं. (मंडपाचा दोर त्यांच्या गाडीला आडवा येत होता म्हणे. निमित्त.) म्हणाले, कंपनीची जमीन जप्त झालीय, ती विकून पैसे वाटू, पण अर्ज करील त्यालाच. पावती, आधार, पासबुक घेऊन आतल्या टेबलावर द्या, मुदत महिनाअखेर. मी ठणकावलं, आम्हाला अर्ज नको, न्याय पाहिजे. ते म्हणाले, न्यायासाठीच अर्ज आहे. घाबरलेला माणूस असाच गोल गोल बोलतो.

संध्याकाळी
कार्यकर्त्यांची शिस्त अप्रतिम. दोघं-दोघं करून पाणी प्यायला कचेरीत जातात, गर्दी नाही, गोंधळ नाही. यायला मात्र बराच वेळ लागतो. नळाला धार बारीक असावी.

१२ जून
पित्त झालं. उपोषण स्थगित.
पापड विकून पैसे साठवलेल्या शांतम्माअक्का दुकानात आल्या. म्हणाल्या, तुमची पावती द्या, म्या झेरॉक्स काढून आणते. समजावलं, अक्का, अध्यक्षच अर्ज करत बसला तर आंदोलन कोण करणार? त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. आदर.

२० जून
श्रीदेवी म्हणाली, अहो, अर्जाचं बघा की. सांगितलं, वाढप्यानं शेवटी जेवायचं असतं. ती म्हणाली, शेवटी पातेलं खरवडायला मिळतं. बायकांना राजकारण कळत नाही.

३० जून
मंत्र्यांच्या सत्काराचं भाषण बसवलं. दिवस कसा गेला कळलं नाही. आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. दबाव टाकायला मुदत संपावीच लागते.

१८ जुलै
कचेरीत पात्र लोकांची यादी लागली. वाचायला गेलो. गुंडाप्पा आहे. शांतम्माअक्का आहेत. सगळं मुरुम आहे. श्रीदेवीसुद्धा. मी नाही.
कारकुनाला म्हणालो, मी अध्यक्ष आहे. त्यानं बिचाऱ्यानं यादी वरपासून परत पाहिली आणि म्हणाला, काका, अध्यक्षाला रकाना न्हाय.
घरी आल्यावर श्रीदेवीला विचारलं, तू अर्ज कधी केलास? ती म्हणाली, उपोषणाच्याच दिवशी, सगळ्यांसंगट. पाणी प्यायला गेलो तवा.
दुकान उघडलं. गिऱ्हाईक आलं, त्याला पातेलं दाखवायचं तर डबा दाखवला.

१९ जुलै
उशीर झालेल्यांचा अर्ज घेतात, मंजूर होईलच असं नाही. शांतम्माअक्का आल्या आणि समोर बसून भरून घेतला. उशिराचं कारण काय, म्हणाल्या. मी म्हणालो, नेतृत्व. त्या म्हणाल्या, पित्त लिवा.
व्यवसायापुढं मी 'अध्यक्ष' लिहिलं. त्यांनी खोडायला लावलं. 'भांडी' लिहिलं.
श्रीदेवी चहा घेऊन आली. म्हणाली, माझे पैसे आले की आधी दुकानात माल भरू, तुमचे येतील तवा येतील. मी फक्त चहा घेतला. भाषण तयार असूनही.
सहीच्या जागेखाली 'पीडित' असं छापलं होतं. तिथं सही केली.