उमेदवार आणि बाईसाहेब यांच्या निधनाबद्दल

चिकलठाणा,
छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप धोंडिबादादा यांना बद्रीनाथचा नमस्कार. आपल्या बहिणीचाही नमस्कार, पण यमुना सध्या कुणाशी बोलत नाही, म्हणून तिच्या वाटचा मीच करतो. वहिनींचे गुडघे, नवं वासरू आणि फुलंब्रीची थंडी कशी आहे ते कळवावं. आमच्याकडं थंडी बेताची आहे आणि घरात सुतक आहे. घाबरू नका, माणसं शाबूत आहेत.

यमुनेनं पाळलेले दोन्ही प्रार्थना कीटक गेले. आपली भाची प्रेरणा लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून घरात बोलायला मी एकटाच (आणि माझ्याशी बोलून तिचं भागत नाही, हे आपण जाणताच). कढीपत्त्याच्या कुंडीत तिला हे हिरवे जीव सापडले. त्यांना जाळीच्या डब्यात ठेवून ती भाजी निवडता निवडता त्यांच्याशी घरच्या गोष्टी करायची. पहिला दिसेल त्याला हात जोडायचा आणि जवळ येईल त्याला खायचा, म्हणून तो उमेदवार. दुसरी बाईसाहेब. (डबे वेगळे ठेवावे लागत, नाहीतर बाईसाहेबांनी नवरा खाल्ला असता. ही माहिती मला एकदाच सांगून यमुना थांबली नाही.)

आपण बरणीच्या झाकणाला भोकं पाडून हरभऱ्याच्या बांधावरचे नाकतोडे प्रेमानं पाठवलेत, ते दोघांनी आवडीनं खाल्ले. दुसऱ्या दिवशी उमेदवार जाळीवरून खाली पडला. तोंडातून तपकिरी पाणी येत होतं आणि पाय थरथरत होते. यमुनेनं डबा पदराखाली घेतला आणि आम्ही रिक्षानं कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडं गेलो. तिथं एक भला थोरला कुत्रा आमच्या डब्याकडं बघून मागं सरकला. डॉक्टर भला माणूस. त्यानं भिंग घेऊन तपासलं आणि सांगितलं, की यांचं आयुष्यच थोडं असतं.

"थोडं असतं म्हणून बघायचं नाय का?" यमुनेनं विचारलं.

त्यानं मान खाली घालून पुन्हा तपासलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, की खाण्यातून काहीतरी गेलं असावं. (हवामानही अलीकडं विचित्रच आहे.) परतताना विमानतळाच्या सिग्नलला, यमुनेच्या तळहातावर, उमेदवार गेला. तिनं रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही.

प्रेरणाला कळवायला मी फोन घेऊन गच्चीत गेलो आणि आवाज नीट पोचेना म्हणून ओरडून सांगितलं, की उमेदवार गेले. दिवस महापालिकेच्या निवडणुकीचे. चहा उकळेपर्यंत खाली माणसं जमली, एकानं तर हारही आणला. शेवटी आमच्या वॉर्डाचे एक उमेदवार स्वतः, जिवंत, जिना चढून वर आले. त्यांनी हात जोडले. यमुनेनं त्यांना काडेपेटीतला देह दाखवला. ते बिचारे काडेपेटीवर वाकले आणि म्हणाले, "लई वाईट झालं, मावशी." मत मागितलं नाही. यमुनेचं मत त्यांनाच जाणार, असं दिसतं.

बाईसाहेबही दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच गेल्या. दोघांना कढीपत्त्याच्या मुळाशी ठेवलं, या वेळी एकत्र. तेव्हापासून यमुना स्वयंपाक करते, वाढते, पण बोलत नाही. मी ताटात मीठ कमी आहे असं म्हणून पाहिलं, तरी नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. हे पत्र आपल्याला बोल लावायला लिहिलेलं नाही. हरभऱ्यावर फवारणी झाली होती, हे बरणी भरताना कुणाच्या ध्यानात राहणार?

आणखी एक. यमुना काल बोलली. मला वाटलं, नवे किडे शोधा म्हणेल. ती म्हणाली, "दोन नाकतोड्यांनी त्याचे पाय थरथरले. माझा दादा तर पाठीला पंप बांधून त्याच रानात असतो." मागं आलात तेव्हा कप धरताना आपला हात कापत होता, हे तिनं पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. फोनवर आपण "मला काय धाड भरलीय" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून पत्र लिहिलं. सोमवारची डॉक्टरची वेळ घेतली आहे, माणसांच्या. नक्की यावं. तोवर पंपाला हात लावू नये.

आणि शेवटचं. पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, किड्यांचं फार लांबवलंत. खोडायला पेन उचललं, तर खोडू दिलं नाही.