पाय कापलेला फोटो

शुक्रवार, संध्याकाळी घरी आल्यावर

चूक माझीच, हे आधी लिहून टाकतो. आमच्या कॉलेजची प्रतीक्षा, डिंगोरे गावची, पाच हजार मीटरला जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा तिचा फोटो मीच काढला. नारायणगावातल्या बुटांच्या दुकानदाराने मागितला आणि मी पाठवून दिला. खेळाचा शिक्षक मी, पण तिला विचारावं हे डोक्यातही आलं नाही!

आज सरावाहून परतताना प्रतीक्षाने आणि मी त्याच्या दुकानावरचा फ्लेक्स पाहिला. 'आमचे बूट घालून जिंकली!' फोटो गुडघ्याखाली कापलेला. कापणारच, पोरगी अनवाणी धावली होती.

मला वाटलं, आता रडेल. ती सरळ दुकानात शिरली. दुकानदार हसत म्हणाला, "अगं, फुकटात नाव झालं की तुझं!"

"नाव माझंच व्हतं, भाऊ. त्वांडबी माझंच हाय. वापरायचं तर आधी मला इचारा, काय देणार ते बोला. आन् लावायचाच आसंल तर पायासकट लावा."

दुकानदाराने स्वतः स्टुलावर चढून फ्लेक्स उतरवला. एकोणीस वर्षांची पोर! हे हिच्यात आलं कुठून? मी तर शिकवलेलं नाही.

घरी येऊन तोच फोटो स्टेटसला ठेवायला गेलो आणि अंगठा थांबला. फोन लावला. "ठेवू का गं?"

ती हसली. "ठिवा की, सर. फक्त पाय कापू नका."