दोन बोटं आणि सोडा

२ ऑगस्ट १९३७, कारंजा
आजही तेच! सकाळी यांचा हात एवढा थरथरला की बशीतला चहा धोतरावर. वर म्हणे, "बशीच हलकी हाये वं!" मला पाचवा सरत आला. माहेरी आई नाही, बाळंतपण इथंच. या हातांत बाळ द्यायचं म्हटलं की भीती वाटते. दारू सोडा म्हटलं, तर— "सोडली म्हटलं तं चार मानसांत काय इज्जत राह्यते?"

५ ऑगस्ट
हे कामाला जातात त्या कापसाच्या जिनातल्या साहेबाकडून उचललेला नेम. दिवेलागणीला काचेचा गिलास, दोन बोटं व्हिस्की, वर जमशेदभाईंच्या कारखान्यातला गोळीचा सोडा. गिलास मीच भरायचा. अंगठ्यानं गोळी दाबली की ठाप! मला भारी आवडतं ते. आज सुचलं— दोन बोटं, पण कुणाची? यांची बोटं म्हणजे मुसळं. आजपासून माझी!

१९ ऑगस्ट
आता फक्त करंगळी.

७ सप्टेंबर
रंग फिका दिसायला लागला. मग कोरा चहा चांगला उकळला, गार केला, तोच ओतला. व्हिस्की मोरीत! यांनी एक घोट घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं. मिशा पुसून म्हणाले, "आज लय कडक हाये वं!" मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

१२ सप्टेंबर
सासूबाईंचा राग मात्र सोड्यावर. "दारू नाई वं, हे फसफसनारंच डोक्यात जाते!" जमशेदभाईंना दारातच झापलं. बिचारे म्हणाले, "अम्मा, पानी अन् हवा, दुसरं काय हाये त्यात?" आणि एक बाटली त्यांनाच पाजली. काय ढेकर आला! शेजारच्या म्हशीनं मान वर केली. आता सासूबाईंना वायूवर रोज अर्धी बाटली लागते.

३० सप्टेंबर
आज बशी हलली नाही!!

१४ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला यांचे मित्र दौलतसिंग आले. बसल्या बसल्या यांच्या गिलासाला हात घातला— "एक घोट दे ना बे!" माझा जीव टांगणीला. आता बिंग फुटणार! पण यांनी गिलास छातीशीच धरला. "तुले मोहाची आनून देतो. हे मी कोनाले देत नाई!" मित्राला घोटभर देईनात. एवढे चिक्कू कधीपासून झाले? पण देव पावला. मग दौलतसिंगांसमोर असे डुलले, असे डुलले, की खांबाला 'साहेब' म्हणून सलाम ठोकला. कोऱ्या चहावर! पुरुषाची जात भोळी, दुसरं काय.

२ डिसेंबर
मुलगी झाली! यांनी दोन्ही हातांत घेतली. हात जरासुद्धा हलला नाही. मला रडूच आलं. हे वाकले, सासूबाईंना ऐकू जाणार नाही असं कानाशी म्हणाले— "आता चहा कपातच देत जाय वं. सोड्यात लय तुरट लागते."